डोळ्यांचा अभ्यास

मी विद्यापीठात कलेचा इतिहास शिकू लागलो, तेव्हा आप्तेष्टांना त्याचे मोठे नवल वाटे. ‘इतिहास राजांचा असतो, लढायांचा असतो, चित्रांना आणि मूर्तींना कसला आला आहे इतिहास?’ असे कोणी विचारी. ‘सगळ्या चित्रकारांच्या जन्मतिथी पाठ कराव्या लागत असतील, नाही?’ असे दुसरा कोणी म्हणे. सनावळ्या पाठ कराव्या लागतात, हे खरेच. परंतु पहिल्या वर्षाचा मुख्य अभ्यास तो नव्हे. तो अभ्यास डोळ्यांचा असतो.

माझे शिक्षण बडोद्यास झाले. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललितकला शाखा स्थापन झाली. चित्रे कशी काढावीत, मूर्ती कशा घडवाव्यात, हे तेथे शिकवितात. त्याबरोबरच पूर्वीच्या लोकांनी त्या कशा घडविल्या, हेही शिकवितात. तासाला वर्गातील खिडक्यांवर काळे पडदे ओढले जात आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रे उमटत. आमच्या प्राध्यापकांचा एक दंडक होता. ‘सुंदर’, ‘छान’, ‘अप्रतिम’ हे शब्द वर्गात उच्चारावयाचे नाहीत! डोळ्यांना काय दिसते तेवढेच प्रथम सांगावयाचे. मग तर्क करावयाचा.

एके दिवशी पडद्यावर सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणावरील शिल्प आले. हे तोरण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. नगरातून एक घोडा बाहेर पडतो आहे. त्याच्या पाठीवर कोणीच नाही. परंतु त्या रिकाम्या पाठीवर छत्र मात्र धरलेले आहे! तोच घोडा पुढे पुन्हा कोरला आहे, त्याच्याही पुढे पुन्हा. शेवटी दगडावर दोन मोठी पावले दिसतात आणि आता छत्र त्या पावलांवर आहे. घोडा मागे वळला आहे. त्याच्यावर छत्र नाही. आम्ही एकेक गोष्ट सांगत गेलो आणि हळूहळू कथा उलगडली. राजवाडा सोडून निघालेला सिद्धार्थ आणि त्याला पोचवून रित्या पाठीने परतणारा कंथक घोडा यांची ती कथा होती.

शेजारी सारनाथची पाचव्या शतकातील बुद्धमूर्ती होती. तेथे बुद्ध मानवी रूपात शांतपणे बसला आहे. मग सांचीच्या शिल्पकारांनी बुद्धाचे चरित्र कोरताना बुद्धालाच का वगळले असावे? या प्रश्नावर विद्वानांत एकमत नाही. परंतु दोन्ही चित्रे जवळजवळ ठेवून नीट पाहिली नसती, तर हा प्रश्न आम्हांला पडलाच नसता.

कोणी म्हणेल, ‘एवढे निरखून पाहावयाचे कशाला? शिलालेख वाचावा, म्हणजे झाले!’ याचे उत्तर मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर मिळते. गेटवे ऑफ इंडियापासून बोटीने सुमारे तासाभरात तेथे जाता येते. तेथील मोठ्या लेण्यात एक शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठविला. तिकडे तो कोणालाही वाचता आला नाही, असे दिओगु द कोउतु या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे तो दगड कायमचा हरवला. लेणे कोणी खोदविले, कधी खोदविले, हे कदाचित त्या एका शिळेवर लिहिलेले असेल. ते आता कोण सांगणार?

आता उरली ती मूर्तींची साक्ष. अभ्यासकांनी या लेण्याची आखणी वेरूळच्या २९व्या लेण्याशी ताडून पाहिली. खांबांचे आकार, मूर्तींचे मुकुट आणि अलंकार यांची इतर लेण्यांशी तुलना केली. बेटावर सापडलेली कलचुरी राजा कृष्णराज याची नाणीही त्यांनी विचारात घेतली. त्यावरून हे काम सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हरवलेल्या लेखाचे काम पुष्कळसे डोळ्यांनी केले!

मात्र हे साक्षीदारही जखमी आहेत. पुष्कळ मूर्तींचे हात-पाय तुटले आहेत, काही खांब मोडले आहेत. त्यांतून मागच्या भिंतीतील महेशमूर्ती बरीचशी वाचली. तीन माणसे एकावर एक उभी राहिली, तरी तिच्या माथ्याला हात पुरणार नाही. आपल्या डाव्या बाजूस उग्र मुख आहे. त्याला मिशा आहेत आणि हाताशी साप आहे. उजव्या बाजूस सौम्य, स्त्रीसारखे मुख आहे. त्याच्या हाती कमळ आहे. मध्यभागी आहे ते ना रागावलेले, ना हसणारे. ते केवळ शांत आहे. मी तेथे पुष्कळ वेळ बसलो. प्रथम मला तीन मुखे दिसली. नंतर, ही एकाच देवाची तीन रूपे आहेत, हे उमगले.

१९८७ साली या लेण्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. परंतु वारसा केवळ घारापुरीस आहे, असे नाही. आपल्या गावच्या देवळाचा कोरीव खांब, वेशीवरचा वीरगळ, पडक्या वाड्याची नक्षीदार चौकट, हेही साक्षीदारच. त्यांच्यावर कोणी खिळ्याने आपले नाव कोरतो, कोणी जाड रंगाचा थर चढवितो. तेव्हा न वाचलेल्या लेखाची एक ओळ पुसली जाते आणि ती पुन्हा कोणालाही लिहिता येत नाही.

पुढच्या सहलीत अशा एखाद्या दगडापुढे पाव घटका बसा. ‘छान आहे’ असे म्हणू नका. काय काय दिसते, ते वहीत लिहा: हात किती, हातांत काय, पायाशी कोण, काय तुटले आहे. मग वाटाड्याला विचारा. तुमच्या वहीतील एखादी गोष्ट त्याच्याही नजरेतून निसटलेली असेल.