कुणाकडून आला?

नव्वदच्या दशकात आमच्या भागात एखाद्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला, की घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न औषधाचा नसायचा. औषध होतंच कुठं? पहिला प्रश्न असायचा, "कुणाकडून आला?" आणि उत्तर आधीच ठरलेलं असायचं. ट्रकवाला असेल तर ढाब्यावरून. गिरणीत, लूममध्ये काम करून परतलेला असेल तर मुंबईहून, भिवंडीहून. बिलोली-देगलूरकडचा माणूस म्हणायचा, आंध्रातून आला. पलीकडचे म्हणायचे, महाराष्ट्रातून. बाईच्या बाबतीत तर प्रश्न विचारायचीही तसदी कुणी घेत नसे. नवरा आधी गेला असला, त्याच्या खोकल्याला दोन वर्षं टीबी म्हणून झाकलेलं असलं, तरी तेराव्यानंतर पायगुण तिचाच निघायचा. मग तिची माहेरी रवानगी, आणि तिथं वेगळं ताट, वेगळा तांब्या.

मी तेव्हा नांदेडात एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. वजिराबादेतल्या जिन्याखालच्या दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रीज, आणि वीज गेली की त्या फ्रीजची काळजी. मराठवाड्याच्या त्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप हळवा होतो. मनमाडकडं जाणारी मीटरगेज, लातूर-कुर्डुवाडीची नॅरोगेज, माळेगावच्या यात्रेतले तमाशाचे फड, लातूरच्या गंजगोलाईतल्या तुरीच्या डाळीचा वास. मला या सगळ्याची आठवण येते आणि ते लपवण्याचं कारण नाही. पण या आजाराच्या बाबतीत 'पूर्वी किती बरं होतं' म्हणणाऱ्याला मी त्या जिन्याखाली अर्धा दिवस बसवला असता.

आधी वाटांबद्दल सांगतो, कारण विषाणू वाटेनंच येतो. मुंबईला जायचं तर नांदेडहून निघून मनमाडला गाडी बदलावी लागे. लातूरकर कुर्डुवाडीला उतरत. दिवाळी झाली की बीड, लातूर, नांदेडच्या तांड्यांवरून आणि वाड्यावस्त्यांतून माणसं मुकादमाची उचल घेऊन सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांकडं निघत, नवरा-बायको मिळून एक कोयता. लातूरच्या आडतीतून डाळीचे ट्रक देशभर जात. नांदेड तर तिठ्यावरचंच गाव. इकडून निजामाबाद-हैदराबाद, तिकडून अकोला, खाली देगलूरवरून कर्नाटक. उदगीरहून बिदर किती जवळ! माणसं पोटासाठी फिरत होती. पण आजाराचा नकाशा काढताना आम्ही रस्ते काढत नव्हतो, माणसांची नावं काढत होतो.

तपासणीचं तंत्र तसं लवकर आलं. 1986 साली चेन्नईत पहिल्यांदा हा विषाणू देशात सापडला, 1989 पासून रक्तपेढ्यांत एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणारे 'डोनर' बंद झाले. त्याआधी दवाखान्यांच्या बाहेर चहाच्या टपरीवर हे डोनर बसलेले असत, हे आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही. दशकाच्या उत्तरार्धात आमच्याकडं ठिपक्यांचं रॅपिड किट आलं. त्यावर तीन जागा: एक ठिपका किट चालू आहे हे सांगणारा, दुसरा एचआयव्ही-एकचा, तिसरा एचआयव्ही-दोनचा. दुसरा ठिपका उमटायचा. तिसरा क्वचित. कधी दोन्ही उमटत, आणि मग ते दोन विषाणू खरोखर आहेत की एकाचीच प्रतिपिंडं दुसऱ्या जागी चिकटलीत हे त्या किटला सांगता येत नसे. आम्ही ते रिपोर्टात लिहीत असू. वाचणारा 'पॉझिटिव्ह' एवढंच वाचायचा. मरणाचा प्रकार कोणता, हे विचारून करायचं काय?

आज मात्र 'कोणता' या प्रश्नाला वजन आहे. एचआयव्हीची अख्खी जनुकीय संहिता साधारण नऊ हजार सातशे अक्षरांची. पेशीत शिरल्यावर तिची प्रत उतरवणारं विकर फार निष्काळजी. अक्षरं चुकवतं आणि चूक दुरुस्त करायची त्याला सोय नाही. एकाच माणसाच्या शरीरात दिवसाला कोट्यवधी प्रती उतरतात. आपल्याकडं पोथ्यांचं हेच झालं होतं. नक्कल करणाऱ्यानं एक ओवी चुकवली, की त्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत तीच चूक. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अशाच पाठभेदांच्या पसाऱ्यातून वाट काढत. कोणत्या दोन पोथ्यांत सारख्या चुका आहेत हे पाहिलं, की त्या एकाच घराण्याच्या हे कळतं. विषाणूचा वंशवृक्ष मांडणारे नेमकं हेच करतात. फरक एवढाच, की एकनाथांना मूळ शुद्ध प्रत हवी होती, आणि इथं चुकाच कामाच्या.

या वंशवृक्षानं आमच्या नव्वदच्या दशकातल्या खात्रीच्या उत्तरांची पार दाणादाण केली. एचआयव्ही-एकच्या मुख्य गटात ए, बी, सी, डी असे अनेक उपप्रकार आहेत. अमेरिका-युरोपात बोलबाला बी चा. सुरुवातीची बहुतेक औषधं आणि पुस्तकं त्याच्यावरच बेतलेली. भारतात मात्र दर शंभरातले नव्वदहून जास्त नमुने उपप्रकार सी चे. मणिपूरकडं सुईतून नशा करणाऱ्यांत थायलंडच्या बाजूचा बी सापडला, तो अपवाद. आणि हा भारतीय सी बहुतांशी एकाच कुळातला दिसतो. आफ्रिकेतून एकदा, किंवा फार तर मोजक्या वेळा, तो इथं आला असावा, आणि तोही चेन्नईत सापडण्याच्या बराच आधी, साठीच्या दशकाची अखेर ते सत्तरीचं दशक या सुमाराला, असा जनुकीय क्रमांवरून काढलेला संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे कामाठीपुऱ्याकडं बोट दाखवणारा, आंध्राकडं बोट दाखवणारा आणि ट्रकवाल्यांच्या अड्ड्याकडं बोट दाखवणारा, तिघंही एकाच झाडाच्या फांद्या मोजत होते. जिल्ह्याची हद्द त्या झाडाला ठाऊक नाही.

त्याच्याही मागं गेलं तर गोष्ट काँगोतल्या किन्शासाला पोचते. 2014 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं तिथल्या जुन्या-नव्या नमुन्यांवरून मांडलं, की साथीचं मूळ 1920 च्या आसपासच्या किन्शासात आहे, आणि तिथून ती रेल्वेनं खाणींच्या शहरांकडं सरकली. बेल्जियनांनी रूळ टाकले ते तांबं आणि हिरे वाहायला. मला हे वाचताना आमची लातूर-कुर्डुवाडीची नॅरोगेज, बार्शी लाइट रेल्वे, आठवली. तीही माल वाहायची, आणि तिच्या डब्यांतही घर सोडून निघालेली माणसंच जास्त असत. तेव्हा 'रोग पसरवणारे लोक' म्हणून ज्यांच्याकडं पाहिलं गेलं, त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्या गावात बारा महिने काम नव्हतं.

संशोधनाचं केंद्रही आमच्यापासून फार लांब नव्हतं. पुण्याजवळ भोसरीला 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, सगळे तिला 'नारी' म्हणत. तिथल्या संशोधकांनी 1999 मध्ये, नुकतीच लागण झालेल्या भारतीय रुग्णांमधल्या सी विषाणूंचे पूर्ण जनुकीय क्रम प्रसिद्ध केले. त्यातला एक निघाला मिश्र, ए आणि सी यांच्या तुकड्यांचा सांधलेला. एका माणसाला दोन प्रकारांची लागण झाली तर विषाणू आपसांत असे तुकडे बदलतात. पुढं 2012 मध्ये बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्रातल्या मंडळींनी दाखवलं, की सी चं एक नवं रूप भारतात जोर धरतंय. विषाणूची यंत्रणा चालू करणाऱ्या तीन जोडजागा सी मध्ये असतात, याच्यात चार आहेत. पोथीत अजून नव्या चुका होताहेत, असा याचा अर्थ.

आता त्या तिसऱ्या ठिपक्याकडं येतो. एचआयव्ही-दोन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. भारतात तो सापडला तो मुख्यतः आपल्या पश्चिम किनारपट्टीच्या बाजूला, मुंबई-गोव्याकडं. त्याचा आजार संथ, पण आजारच. 1 एप्रिल 2004 ला सरकारनं मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारा औषधोपचार, सुरू केली तेव्हा बहुतेकांना मिळणाऱ्या गोळ्यांत नेव्हिरापिन असे. नेव्हिरापिन, आणि नंतरचं इफाव्हिरेंझ, एचआयव्ही-दोनवर मुळातच चालत नाही. माणूस वेळेवर गोळ्या घेतोय, पोटात मळमळतंय, अंगावर पुरळ उठतंय, आणि विषाणूला त्याची दखलही नाही, असं होऊ शकत होतं. म्हणून पुढं दोन्ही ठिपके उमटलेल्यांचं रक्त खात्रीसाठी ठरावीक प्रयोगशाळांत पाठवायची पद्धत लागली. विषाणूचे प्रकार मोजणं म्हणजे संशोधकांचा छंद असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं. आताच्या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर दोन्हींवर चालतं, म्हणून ही चिंता बरीच उतरली.

2004 चे ते दिवस वेगळेच. महाराष्ट्रात सुरुवात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून. नांदेड-लातूरचा माणूस रात्रभर प्रवास करून भायखळ्याला पोचायचा, रांग लावायचा, सीडी-फोरचा, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींचा, आकडा दोनशेच्या खाली असेल तरच गोळ्या घेऊन परत निघायचा. नंतर आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांतच एआरटी केंद्रं आली. पण त्या पहिल्या गोळ्यांतलं स्टॅव्हुडिन गाल बसवायचं. चेहऱ्यावरची चरबी जायची. जीव वाचला आणि ओळख फुटली. बाजारात बसलेले गाल दिसले की लोक एकमेकांना कोपर मारत. आज दिवसाला एक गोळी. 28 एप्रिल 2017 पासून सीडी-फोरच्या आकड्याची वाट न पाहता, तपासणीत आढळला की उपचार सुरू. गालांवरून आता कुणी ओळखत नाही.

मग मला नेमकं काय आठवतं, कशाची चुटपुट लागते? आवाजाची. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या वारूला, गाढवांच्या बाजाराला आलेल्या गर्दीत कलापथकवाले डफ वाजवून निरोधाबद्दल बोलायचे. म्हातारे तोंड फिरवून हसायचे, पण ऐकायचे. एसटी स्टँडच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेली लाल फीत. 1 डिसेंबरच्या एड्स दिनाला शाळांच्या फेऱ्या, घोषणा देताना अर्थ न कळणारी चौथी-पाचवीची मुलं. पुष्कळसं ते बटबटीत होतं. भीती घालून शहाणपण येतं अशी त्या काळाची समजूत होती, आणि त्या भीतीनंच वेगळं ताट-तांब्या घरोघरी नेला, असं माझं मत आहे. तरी लोक बोलत होते. समुपदेशक बाई एकेका जोडप्याजवळ तासभर बसत.

लातूरला आणखी एक गोष्ट घडली. औसा तालुक्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी 2007 मध्ये 'सेवालय' सुरू केलं, एचआयव्हीसह जगणाऱ्या अनाथ मुलांसाठी. आधी विरोध झाला. पण मुलं वाढली, गाणी बसवून गावोगाव कार्यक्रम करू लागली. त्यांच्यातल्या काहींची लग्नंही तिथंच लागली. नव्वदच्या दशकात असलं कुणी बोललं असतं तर आम्ही लॅबवाल्यांनीच मान हलवली असती. जन्मजात लागण झालेलं मूल पाच-सहा वर्षांचं होईल की नाही, हा तेव्हाचा हिशोब.

आज मात्र सगळं सामसूम आहे. 2007 मध्ये देशाचा अंदाज पन्नास लाखांवरून निम्म्यावर आला, तेव्हाच बऱ्याच जणांनी विषय संपल्यासारखा मिटवला. 2021 च्या अंदाजानुसार देशात सुमारे 24 लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत, त्यांतले जवळपास 3 लाख 94 हजार महाराष्ट्रातले, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. लातूर म्हटलं की लोकांना किल्लारीचा भूकंप, बारावीचा पॅटर्न आणि 2016 ची पाण्याची रेल्वे आठवते. नांदेड म्हटलं की सचखंड गुरुद्वारा. या आजाराचं नाव कुणी घेत नाही, आणि लोक त्याला प्रगती म्हणतात.

आणि या सामसुमीत तो जुना प्रश्न नव्या यंत्रावर बसून परत यायला टपलाय. जनुकीय क्रम आता झपाट्यानं वाचता येतात. एका तालुक्यातले दोन नमुने अगदी जवळचे निघाले, तर ते एकाच साखळीतले असं म्हणता येतं. साथ कुठं वाढतेय, कुठं औषधाला दाद न देणारा विषाणू फिरतोय, हे कळायला याचा मोठा उपयोग आहे आणि तो व्हायलाच हवा. पण कुणी कुणाला दिला हे त्यातून सिद्ध होत नाही. मधला तिसरा माणूस तपासणीला आलेलाच नसतो. दोघांनाही तिसऱ्याकडूनच मिळालेला असू शकतो. हे बारकावे प्रयोगशाळेत पाळले जातील. कोर्टात, पोलीस ठाण्यात, सासरच्या बैठकीत पाळले जातील का? 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई करतो. गुप्ततेचा तो नियम या झाडाच्या प्रत्येक फांदीला कसा लावायचा, हे आताच ठरवायला हवं.

कारण गावातली नजर अजून तीच आहे. गोळी गावाजवळ मिळते, तीन-तीन महिन्यांची एकदम मिळते, तरी माझ्या माहितीतले काही जण ती आपल्या जिल्ह्यात घेत नाहीत. नांदेडची मंडळी लातूरच्या केंद्रावर नाव नोंदवतात, लातूरची नांदेडला. अहमदपूरच्या स्टँडवर दोन्हीकडच्या गाड्या चहाला थांबतात.