चिऱ्याची गाडी

साखरप्याला चहा घेत होतो. आंबा घाट उतरून एक रंग उडालेली चारशेसात समोर येऊन थांबली. हौद्यात गुळाच्या ढेपा, वर ताडपत्री, दोर करकचून आवळलेला. ड्रायव्हर उतरला, पण टपरीकडे वळला नाही. गाडीभोवती फिरत एकेका चाकाशी वाकायचा, पालथा हात ड्रमजवळ धरायचा, जरा थांबायचा आणि पुढच्या चाकाकडे जायचा. मागच्या डाव्या चाकाशी अंमळ जास्तच थांबला. मग बोनेटला टेकून त्याने विडी पेटवली. गाडी निवेपर्यंत तो हलणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

टाटांनी ही गाडी १९८६ साली आणली. त्या काळात डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा अशा जपानी ओळखीच्या देखण्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. डीसीएम आणि ऑल्विन ही नावं आजच्या पोरांना सांगूनही कळायची नाहीत. चारशेसात मात्र अजून माल ओढते आहे. मला ती आजच्या चकचकीत पिकअपपेक्षा देखणी वाटते. तिच्या नावातला पहिला आकडा ढोबळमानाने एकूण वजनाचे टन सांगतो, गाडी आणि माल मिळून. पुढे वजन थोडं वाढवलेली मॉडेलं आली, पण मूळ माप हेच. लोक मागच्या कमानीत एखादा जादा पाटा बसवून घेतात आणि गाडीची ताकद वाढली असं समजतात. पाटा वाढवला की गाडी बसत नाही, एवढंच. ब्रेक तेवढेच राहतात.

हे मला आमच्या आळीतल्या काकांनी शिकवलं. मोठ्या मामांनी कोल्हापुरात घर बांधायला काढलं आणि भिंती कोकणच्या जांभ्याच्याच हव्यात म्हणून हट्ट धरला. लांज्याजवळच्या खाणीवरून काकांची गाडी चिरे घेऊन निघणार होती. कॉलेजला सुट्टी होती, मी केबिनमध्ये चढून बसलो. खाणीवर गडी भराभर चिरे लावत होते. काका मागे उभे राहून थर बघत होते. वजन मागच्या आसाच्या पलीकडे गेलं की गाडीचं तोंड उचलल्यासारखं होतं आणि स्टेअरिंग हलकं लागतं, म्हणून जड थर केबिनच्या बाजूला घ्यायला लावत होते. सत्तर चिरे झाल्यावर त्यांनी हात वर केला.

मुकादम म्हणाला, "अवो, शंभर जातात हिच्यात."

"जात असतील. चिरा ओला हाय. बास."

नुकता कापलेला जांभा पाणी धरून असतो. वाऱ्या-उन्हात तो सुकतो आणि टणकही होतो. सुका चिरा तीसेक किलोचा धरला तरी शंभराचे तीन टन होतात, ओला त्याहून जड. काका वजनकाट्यावर जायच्या आधीच मनात वजन करून मोकळे झाले होते.

पालीला हायवे सोडला. नाणीज, दाभोळे, साखरपा. घाट लागला तसे काका बोलायचे थांबले. दुसरा गिअर, कधी पहिला. डोळे रस्त्याइतकेच तापमानाच्या काट्यावर. काटा वर सरकला तेव्हा एका रुंद वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन मात्र चालूच ठेवलं. पंखा फिरत राहिला, पाणी खेळत राहिलं. रेडिएटरच्या झाकणाला हातही लावू दिला नाही. क्लीनरने चाकामागे लाकडी ठोकळा घातला होता. निघताना तो त्याने उचलला की नाही, हे काकांनी मान वळवून पाहिलं. चाकाला लावलेला दगड रस्त्यात तसाच टाकून जाणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग होता, आणि तो माझ्यातही उतरला आहे. रात्री त्या दगडावर मोटारसायकल आदळली की माणूस जातो.

"चढाचं काय एवढं?" वर आल्यावर ते म्हणाले. "इंजिन बघून घेतं. उतरताना माल मागनं ढकलतो, तिथं खरी परीक्षा."

पुढे कधीतरी मी कागदावर हिशोब मांडला. गाडी आणि माल मिळून पाच टन, उतार समजा पाचशे मीटरांचा. तेवढ्या उतारात सोडावी लागणारी ऊर्जा सुमारे ऐंशी लिटर पाणी उकळायला पुरते. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ही आग चार ड्रमांत जाते. तापलेला ड्रम फुगतो, लायनरपासून दूर सरतो, आणि पेडल खाली जातं. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे इंजिनाचा अडसर गमावतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही दोन-चार दाबांत संपते.

आंबा घाटाच्या दक्षिणेला अणुस्कुरा घाटातून पूर्वी राजापूर बंदराचा माल बैलांच्या पाठीवर चढायचा. तिथली जुनी फरसबंदी वाट अजून दिसते. बैलाला जास्त झालं की तो बसतो. गाडी बसत नाही, ती उतारापर्यंत सगळं सहन करते.

रस्ताही सहन करतो. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या चाचणीतून रस्ते बांधणाऱ्यांनी एक ढोबळ नियम काढला: आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज सोळापट होते. आपल्याकडे २०१९ च्या कायदादुरुस्तीने ओव्हरलोडला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड ठेवला. तो ड्रायव्हर किंवा मालक भरतो. "अजून दोन थर टाक" म्हणणारा घरी असतो.

मामाही घरीच होते. एक खेप जादा लागली म्हणून त्यांनी काकांच्या भाड्यातून पैसे कापले. काकांनी उरलेले मोजून खिशात घातले आणि गूळ भरायला बाजाराकडे गाडी वळवली.

घर बांधताना चिरा, वाळू, सिमेंट मागवाल तेव्हा एक खेप जास्त धरूनच हिशोब करा. आणि "एवढंच नेईन" म्हणणारा ड्रायव्हर भेटला तर घासाघीस न करता त्याचं पूर्ण भाडं हातावर ठेवा.