नवे पुस्तक उघडताना

आमच्या पिढीने सोलापुरात ग्रंथपालन शिकायचे ठरवले की पहिला प्रश्न असे, वर्ग कुठे भरतो? जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग नोकरी सांभाळून करता येई. पदवी हवी असेल तर विद्यापीठ कोल्हापूरचे, कारण सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते 2004 साली. एखाद्या कागदासाठी रात्रीची एसटी पकडायची, सकाळी खिडकीपुढे रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे.

आता विद्यापीठ मोबाइलमध्ये आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने आणि इग्नूने घरी बसून शिकण्याची वाट आधीच पाडली होती. ‘स्वयम्’ने व्याख्यानेही घरात आणली. स्वयंपाकघर आवरून झाल्यावर एखादी सून रात्री अकरा वाजता वर्गीकरणाचा पाठ लावते, समजला नाही तर पुन्हा लावते. आम्हाला सरांना दुसऱ्यांदा विचारायचाही संकोच वाटे.

आम्ही तालिकापत्रे हाताने लिहिली. 12.5 बाय 7.5 सेंटिमीटरचे जाड पत्र, त्यावर दोन उभ्या तांबड्या रेघा. आठ अक्षरांची जागा सोडून लेखक, बारा सोडून ग्रंथनाव. अक्षर सुटे, गोल, एका उंचीचे. खाडाखोड झाली की पत्र नवे घ्यायचे. लिहून झालेली पत्रे खणात वर्णक्रमाने लावायची आणि खालच्या भोकातून सळई सरकवायची. त्या सळईचा आवाज आला की दिवसाचे काम झाले असे वाटे.

आज ‘कोहा’ या प्रणालीत लेखक 100 क्रमांकाच्या रकान्यात जातो आणि ग्रंथनाव 245 मध्ये. न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालयाने 2000 साली ती वापरात आणली आणि जगाला मोफत दिली. विद्यार्थी ती स्वतःच्या संगणकावर बसवून घरीच सराव करतो. चूक झाली तर पुसतो, आणि ग्रंथनावातला एखादा शब्द आठवला तरी त्याला पुस्तक सापडते. आमचे एक पत्र चुकीच्या खणात गेले की कपाटात असलेले पुस्तकही वाचकाच्या दृष्टीने हरवत असे, कधी कधी वर्षानुवर्षे. हस्ताक्षराची हळहळ वाटते तेव्हा तो वाचकही आठवायला हवा.

आणखीही आठवायला हवे. वर्ग सुटायला अंधार पडे, म्हणून बायका थोड्या. पूर्व भागात दिवसभर विड्या वळणाऱ्या घरांतली मुलगी तर वर्गाच्या दारापर्यंतही पोहोचत नव्हती. तिच्यासाठी फोनवरचा अभ्यास हीच पहिली खरी संधी आहे. ती काढून घेऊन आम्हाला आमचा वर्ग परत नको.

तरीही त्या वर्गातले एक सुख आज कुठे मिळेल ते कळत नाही. ड्युईच्या दशांश वर्गीकरणाचा संच एकच, त्याचे खंड हातोहात फिरत. आपल्या हाती येईपर्यंत शेजाऱ्याशी वाद चाले. ड्युईने मराठी साहित्याला 891.46 दिला, उर्दूला 891.439, कन्नड मात्र 894.814 आणि तेलुगू 894.827. सोलापुरात एका गल्लीत नांदणाऱ्या भाषा फडताळावर अशा लांब जात, याचे आम्हाला फार वाईट वाटे. मग तेलुगू पुस्तक नोंदवायला आले की बाकावरचा पद्मशाली मित्र मुखपृष्ठ वाचून दाखवी, कन्नड आले की अक्कलकोटकडचा कुणी. आज क्रमांक क्षणात मिळतो, पण तो शेजारी मिळत नाही.

आणि नवे पुस्तक उघडणे! पुस्तक कण्यावर उभे धरायचे, आधी दोन्ही पुठ्ठे टेबलावर टेकवायचे. मग पुढून थोडी पाने, मागून थोडी, असे दोन्हीकडून सैल करत मध्यापर्यंत यायचे, म्हणजे बांधणी तुटत नाही. मग दाखल नोंदवहीत क्रमांक, आणि ग्रंथालयाने ठरवलेल्या गुप्त पानावर शिक्का. पुस्तकाचे पहिले पान कुणी फाडले तरी ते कुणाचे ते त्या पानावरून कळावे, म्हणून. हे चित्रफितीत दिसते, परीक्षेत लिहिताही येते. पण पाने किती दाबायची ते बोटांनाच शिकावे लागते, आणि त्यासाठी हातात पुस्तक लागते.

1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी अनुदानित ग्रंथालये उभी राहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या त्यांच्या कार्यकारी मंडळांना आमची विनंती आहे. घरी बसून शिकणाऱ्या मुलामुलींना रविवारी दोन तास आत घ्या. नवी पुस्तके त्यांच्याकडून उघडून घ्या, शिक्का मारू द्या, कानडी आणि तेलुगू नोंदी शेजारी बसवून करून घ्या. आणि शिकणाऱ्यांनो, बोलावण्याची वाट न पाहता तुम्हीच जाऊन विचारा.