फाईल सापडत नाही? मग कुठली ते तरी सांगा!

मंडळी, 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. टीपीएम 2.0 नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. आपल्या काशीमीऱ्यात दादाकडून ताईकडे आलेले असे लॅपटॉप घरोघरी आहेत. ते सगळे भंगारात घालायचे का?

आमच्या शेजारच्या बारावीतल्या मुलीने तिच्या लॅपटॉपवर जुन्या पेनड्राइव्हवरून डेबियन 11 टाकलं. सगळं सुरू, वायफाय गायब. दुकानदार म्हणाला, "कार्ड उडालंय, नवाच घ्या." वडील रिक्षा चालवतात. नवा कुठून आणणार?

मग आम्ही दोघांनी टर्मिनलवर डीमेसेज ही कमांड चालवली. लिनक्सचं कर्नल सुरू झाल्यापासून काय काय घडलं, त्याची ती नोंदवही. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: इंटेलची 7265 चिप सापडली, पण तिचं फर्मवेअर लोड झालं नाही, एरर -2. उणे दोनचा अर्थ 'अशी फाईल नाही'. म्हणजे कार्ड ठणठणीत होतं. ड्रायव्हरही होता. चिपला सुरू करणारी फाईल तेवढी नव्हती. ती मुक्त परवान्यात बसत नाही, म्हणून डेबियन तिला मूळ इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. 2023 च्या डेबियन 12 पासून ठेवू लागलं.

फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट घेतलं, 'नॉन-फ्री' विभाग चालू केला, फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, रीस्टार्ट केलं. वायफाय आलं. खर्च शून्य.

वीस वर्षं बातमीदारी करतोय. 'फाईल सापडत नाही' हे उत्तर सरकारी टेबलांवर किती वेळा ऐकलंय, मोजदाद नाही. फरक एवढाच, की कर्नल फाईलचं पूर्ण नाव सांगतं. टेबलापलीकडचा माणूस "पुढच्या आठवड्यात या" एवढंच सांगतो. खरं तर माहिती अधिकार कायदा, 2005 चं कलम 4 सांगतं, की कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवलेच पाहिजेत. अर्ज केला, तर 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं.

म्हणून सांगतो, दुकानदार असो की साहेब, 'गेलं' म्हटलं की गप्प घरी येऊ नका. काय गेलं, कुठे शोधलं, ते लेखी मागा.

आणि घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर विकण्याआधी कमेंटमध्ये मॉडेल टाका. बघू काय होतं ते.