मुदतीचे रंग

सांगलीतील विश्रामबागेच्या थंडीला महाबळेश्वरच्या थंडीचा लौकिक नाही. कृष्णाकाठची ही थंडी डिसेंबरात येते, संक्रांतीपर्यंत मुक्काम करते, आणि दुपारी बाराच्या उन्हात तर तिचा मागमूसही उरत नाही. परंतु पहाटे, विलिंग्डन महाविद्यालयाच्या परिसरातील झाडे धुक्यात बुडालेली असताना आणि मिरजेकडे निघालेल्या गाडीची शिटी नेहमीपेक्षा जवळून ऐकू येत असताना, पत्र्याच्या छपराखाली बसून काम करणाऱ्या माणसाला तिचा अंमल पुरेपूर जाणवतो. घरामागची माझी कामाची खोली अशीच पत्र्याची आहे. रात्रभरात पत्रा इतका गार होतो की उजाडताना त्याच्या आतल्या अंगाला दव धरलेले असते. अशा खोलीत, अशा ऋतूत, सरकारी नोकरीतील बदल्यांपायी दीर्घकाळ बंद पडलेले चित्रकाम मी पुन्हा हाती घेतले. आणि तेही मिश्रमाध्यमात, म्हणजे कागद, कापड, रंग, खळ आणि लाख यांना ज्यात एकाच फळीवर नांदावे लागते त्या प्रकारात.

या पुनरारंभाचे मूळ महापुरात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातील आमचे चुलत बिऱ्हाड हाताला लागेल ते घेऊन आमच्याकडे विश्रामबागेत आले. पाणी ओसरल्यावर वाड्यातून जो ऐवज निघाला त्यात आजोबांच्या हळदीच्या अडतीच्या कीर्द-खतावण्या होत्या. चुलतभाऊ दारातच उभा राहून म्हणाला, "अण्णा, ह्या वह्यांचं आता काय करायचं? रद्दीवालासुद्धा घेईना." मी त्या ठेवून घेतल्या, पाने अलगद सोडवून सावलीत दोरीवर वाळवली, आणि रुमालात बांधून फळीवर ठेवली. त्या वेळी त्यांतून चित्र निघेल असे मनात नव्हते. निवृत्तीनंतर सवड झाली आणि एका थंडीत मी ते रुमाल सोडले.

त्यांतील एक पान अजून डोळ्यांपुढे आहे. माथ्यावर 'श्री', डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. हरिपूरच्या पेवांत घातलेल्या पोत्यांची नोंद, तिच्याखाली हमाली, तोलाई आणि अडत यांच्या रकमा. पुराने या पानावर स्वतःचा निवाडा दिला होता. मागाहून फाउंटनपेनने लिहिलेल्या निळ्या ओळी विरघळून त्यांचे ढग झाले होते, परंतु जुन्या काळ्या शाईची अक्षरे, कडा थोड्या सरकल्या तरी, वाचता येत होती. कारण काजळी पाण्यात विरघळत नाही, फार तर तिला धरून ठेवणारा डिंक सैल होतो. गाळाची एक तपकिरी रेषा पानाच्या मध्यातून तिरकी गेली होती. चित्रकाराने अशा पानावर काय काढावे यापेक्षा काय काढू नये हाच मोठा प्रश्न असतो, आणि माझी पहिली थंडी बहुतेक त्याच विचारात गेली.

भिन्न वस्तू चित्रात चिकटवण्याच्या प्रथेचा आधुनिक इतिहास सामान्यतः १९१२ पासून सांगितला जातो. पिकासोने त्या वर्षी वेताच्या खुर्चीची छापील वीण असलेला मेणकापडाचा तुकडा चित्रात डकवून भोवती दोरखंडाची चौकट दिली, आणि त्याच वर्षी ब्राकने भिंतीला लावायचा कागद चित्रात आणला. परंतु सावंतवाडीचा गंजिफा हाताळलेल्या मनुष्याला यात सर्वस्वी परके असे काही वाटू नये. चिंचोक्याच्या खळीने जोडलेले कापडाचे थर, त्यांवर खडूचा लेप, वर रंग आणि शेवटी लाख, असे अनेक पदार्थांचे संयोजन आमच्या कारागिराने खेळाच्या पानात केलेच होते. प्रभाकर बरवे यांनी तर दारे-खिडक्यांना लावायचा एनॅमल रंग कॅनव्हासवर आणून त्याच्याकडून अत्यंत सूक्ष्म काम करवून घेतले. माध्यमाची प्रतिष्ठा दुकानाच्या फळीवर ठरत नसते, ही खात्री मला त्यांच्या चित्रांनी दिली.

थंडीने मात्र मला निराळेच शिक्षण दिले, आणि ते पदार्थांच्या मुदतीचे होते. उन्हाळ्यात सर्व काही इतक्या लवकर वाळते की सगळ्या पदार्थांचा स्वभाव एकच असल्याचा भ्रम होतो; हिवाळ्यात प्रत्येक जण आपापली मुदत मागून घेतो. चिमूटभर मोरचूद घातलेली मैद्याची खळ, जी वैशाखात संध्याकाळपर्यंत आंबते, ती पौषात दिवसचे दिवस ताजी राहते. पण तिने डकवलेला कागद दुपार झाली तरी बोटाला ओलसर लागतो. ॲक्रिलिकमधले पाणी उडून त्याचे सूक्ष्म कण एकमेकांना बिलगले तरच त्याचा सलग पापुद्रा होतो, आणि पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की हे बिलगणे नीट होत नाही. जवसाच्या तेलाचा मामला त्याहून वेगळा. ते वाळते म्हणजे उडून जात नाही, तर हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि ही क्रिया थंडीत फारच रेंगाळते. ॲक्रिलिकवर तेलरंग बसतो, तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, हा क्रम तर कोणत्याही ऋतूत मोडता येत नाही. सबब सकाळी काय करायचे, दुपारी काय आणि उद्यावर काय टाकायचे, याची तरतूद हातात कुंचला घेण्यापूर्वीच करावी लागते.

लाखेचा धडा मला मिरजेत मिळाला. तूण लाकूड आणि भोपळा यांतून सतार घडवणाऱ्या तेथील एका वृद्ध कारागिराकडे मी पॉलिशविषयी विचारायला गेलो होतो. त्यांनी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत कापडाची पुरचुंडी बुडवली, सकाळच्या दमट हवेतच एका टाकाऊ फळीवर ती फिरवली, आणि काही न बोलता फळी माझ्यापुढे धरली. चकचकीत थरावर पाहता पाहता दुधी झाक आली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि लाख पांढरटते. "ऊन वर येऊ द्या, साहेब," ते म्हणाले, "तोवर चहा घेऊ." तेव्हापासून लाखेचे हात मी दुपारी देतो, आणि स्पिरिट उघडले असताना शेगडी खोलीत येऊ देत नाही, मग बोटे कितीही गारठोत.

सर्वांत नाजूक प्रश्न हळदीचा होता. हळदीच्या अडतीच्या पानांवर हळदच चढवावी हा मोह सांगलीच्या माणसाला आवरणे कठीण. भिजवलेली पूड कागदावर पसरली की जो पिवळा उमटतो तसा नळीतल्या रंगात मिळत नाही. आणि त्यावरून चुन्याच्या निवळीचा कुंचला फिरवला तर कुंचल्यामागोमाग पिवळ्याचा तांबडा होत जातो, ज्या क्रियेने आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या कुंकू झाले तीच ही क्रिया. परंतु दोन्ही रंग मुदतीचे आहेत. हवेने चुन्याचा तीव्रपणा उतरला की तांबडा मागे सरकून पिवळट होऊ लागतो, आणि उजेडात हळदीचा पिवळाही उडत जातो. ही गोष्ट ठाऊक असूनही मी हळद वर्ज्य केली नाही. जेथे ती यावयाची तेथे आधी पिवडीचा पातळ हात देतो, कारण पिवडी ही माती आहे आणि मातीचा रंग उजेडाला दाद देत नाही. वरची हळद उडेल तेव्हा खालची पिवडी उघडी पडेल, आणि चित्र फिके न पडता वेगळे दिसेल. सर्व पदार्थांना एकाच आयुष्याची सक्ती करण्यापेक्षा एकाची मुदत संपताना दुसऱ्याने कारभार हाती घ्यावा, अशी व्यवस्था चित्रातच करून ठेवणे, यालाच मी आता मिश्रमाध्यम समजतो.

गेल्या संक्रांतीला चुलतभाऊ तिळगूळ घेऊन आला, आजोबांच्या पानांपुढे बराच वेळ उभा राहिला आणि त्याने अडत्याच्या नातवाला साजेसा प्रश्न केला: "अण्णा, हळद आहे ना ही? मग उडणार." मी "उडणार" म्हणालो आणि चित्र उलटून त्याला पाठ दाखवली. प्रत्येक चित्राच्या पाठीवर मी एक फर्द लिहितो: कागद कोणत्या वहीतला, खळ कशाची, हळद कोठे, तिच्याखाली पिवडी कोठवर, लाखेचे हात किती, आणि काम पुरे झाल्याची तारीख. ती काजळीच्या शाईने लिहिलेली असते. पुढे कोणाला ते चित्र दुरुस्त करण्याचा प्रसंग आला, तर कोणता रंग जाणार हे मला ठाऊक होते आणि त्याला जाण्याची मुभा मी जाणूनबुजून दिली होती, एवढे त्याला त्या फर्दीवरून कळावे.