पाहुणी कोण, यजमान कोण?

२००५ साली मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. एम.ए. नुकतेच झालेले, वाचन बेताचे, मतांची मात्र मुळीच टंचाई नव्हती. त्या दिवसांत पुण्यात नोकरीला असलेल्या एका मित्राने एक सीडी आणून हातात ठेवली. तिच्यावर क्रोनोस क्वार्टेट आणि आशा भोसले अशी दोन नावे, आत राहुल देव बर्मन यांची बारा गाणी. अल्बमचे नाव 'यू हॅव स्टोलन माय हार्ट'. 'यादों की बारात' (१९७३) मधल्या गाजलेल्या गाण्यावरून घेतलेले. ती सीडी मी ऐकण्यापूर्वीच नापसंत करून टाकली होती.

नापसंतीचे कारण सांगायला हवे. क्रोनोस हे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांचे चौकडे. डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७३ साली उभे केलेले, सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावलेले. अशा चौकड्यांसाठी बीथोव्हेन आणि बार्टोक यांनी रचना केल्या. त्यांनी 'पिया तू' वाजवावे, हा मला थोरांनी लहानांवर केलेला उपकार वाटला. शिवाय 'पिया तू' म्हणजे आमच्याकडे वरातीत बँडवाल्यांनी वाजवायचे गाणे. ते गंभीरपणे ऐकायचे असते, हेच मला मान्य नव्हते.

सीडी ऐकल्यावर पहिला धक्का बसला तो त्यातल्या बारकाव्यांचा. बर्मन यांनी १९७१ साली 'कारवाँ' आणि 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटांत फंक, रॉक, लॅटिन ठेके आणि आपली सुरावट यांची जी मिसळ केली, ती या मंडळींनी एखाद्या अभिजात संहितेसारखी अभ्यासली होती. फंक हा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताचा १९६०च्या दशकात घडलेला प्रकार. जेम्स ब्राऊन आपल्या वादकांना आवर्तनाची पहिली मात्रा ठासून वाजवायला सांगत. बाकी कितीही इकडेतिकडे भटका, पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र या. हे वाचले तेव्हा मनात आले, ही तर आपली समच! या संगीतात गिटारही तालवाद्यासारखी वाजते आणि सुरावटीपेक्षा ठेक्याला मान असतो. बर्मन यांनी हे ओळखले आणि त्यात काचेच्या ग्लासवर चमचा वाजवण्यापासून बाटलीत फुंकर मारण्यापर्यंत हाताशी आलेला कोणताही नाद वर्ज्य मानला नाही. क्रोनोसने त्या नादांना गमतीच्या सदरात टाकले नाही, रचनेचे अवयव मानले. सोबतीला झाकीर हुसेन यांचा तबला आणि वू मान यांचे पिपा हे चिनी तंतुवाद्य. मूळ ध्वनिमुद्रणातला बेभानपणा येथे थोडा निवळला आहे, हे मला आजही वाटते. पण आदर कुठेही उणा नाही.

दुसरा धक्का आशाबाईंचा होता. जगाच्या लेखी त्या या अल्बममधल्या अनपेक्षित पाहुण्या. पाश्चात्त्य संगीतात त्या अशा पाहुण्या म्हणून आधीही गेल्या होत्या. '१ जायंट लीप' या २००२ सालच्या अल्बममध्ये आर.ई.एम.च्या मायकेल स्टाइप यांच्याबरोबर त्यांचा आवाज आहे. पण येथे गाणी कोणाची? बहुतेक त्यांनीच पूर्वी गायलेली. संगीतकार कोण? ज्यांच्याशी त्यांनी १९८० साली विवाह केला आणि जे ४ जानेवारी १९९४ रोजी गेले, ते. 'इजाजत' (१९८७) मधले, मागे राहिलेले सामान परत मागणारे गुलजार यांचे गीत याही अल्बममध्ये आहे. सत्तरी ओलांडलेल्या आवाजात ते ऐकताना पूर्वीचा अर्थ पुरेनासा होतो. घर आशाबाईंचे होते. पाहुणे होते ते चौकडे. आणि चांगल्या पाहुण्याप्रमाणे त्यांनी घरातल्या वस्तूंना नावे ठेवली नव्हती.

पुढे केव्हातरी शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला गेलो. तापीच्या काठचे हे गाव फारुकी राजवटीची जुनी राजधानी. किल्ल्याचे अवशेष आणि फारुकींच्या कबरी तेथे आहेत. मंगेशकर भावंडांचे हे आजोळ. त्यांच्या आई शेवंती या थाळनेरच्या हरिदास लाड या गुजराती शेटजींच्या कन्या, आणि आजीकडून लताबाई गुजराती गरबे शिकल्या होत्या. नदीकाठी उभे राहून मला वाटले, मराठी वडील, गुजराती आई आणि खानदेशी आजोळ असलेल्या घरात 'शुद्ध' असे काय शोधायचे?

हा प्रश्न मला टोचला, कारण त्याच वर्षी मी वर्गात एक चूक करून बसलो होतो. शिरपूरकडच्या एका विद्यार्थिनीने निबंधात कानबाईच्या रात्री आजी गात असलेल्या गाण्यांविषयी लिहिले होते. लेखनात 'आंडेर', 'बठ्ठं' असे अहिराणी शब्द सहज आलेले. मी प्रत्येक शब्दाभोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात 'प्रमाण मराठी लिहा' असा शेरा मारला. तिचा पुढचा निबंध गाइडमधून उतरवलेला होता. त्यात एकही वर्तुळ काढावे लागले नाही, आणि आजीही कुठे नव्हती. मी त्याला अधिक गुण दिले.

खानदेशात राहून ही चूक करायला मला तर काहीच निमित्त नव्हते. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी उतरवून ठेवली, ती त्यांच्या बोलीतच. आचार्य अत्रे यांनी १९५२ साली ती प्रकाशात आणली, तीही तशीच. त्या वेळी कोणी लाल वर्तुळे काढली असती, तर २०१८ साली आमच्या जळगावच्या विद्यापीठाला द्यायला ते नाव उरले नसते. मी बहिणाबाई दरवर्षी शिकवत होतो. वर्गातल्या मुलीला मात्र तो न्याय लावला नव्हता.

आता जळगावात शिकवतो. निबंधात अहिराणी शब्द आला की त्याखाली रेघ ओढतो आणि समासात लिहितो, 'याचा अर्थ मला सांग.' पोरे तास संपल्यावर येऊन सांगतात. तेवढी पाच मिनिटे मी त्यांच्या घरचा पाहुणा असतो. त्या मुलीची गाठ पुन्हा पडली नाही. पडली तर आजीच्या गाण्यांविषयी विचारीन म्हणतो. ती सांगेलच याची खात्री मात्र नाही.