काढा आणि सलाईन

घरात आजारपण आले की पाठोपाठ सल्ले येतात. आणि आजार कर्करोगाचा असला तर सल्ल्यांबरोबर बाटल्याही येतात. आत्याची केमोथेरपी सुरू झाली आणि फडताळाचा एक खण बघता बघता भरला. गुळवेलीचा काढा, हळदीच्या गोळ्या, गव्हांकुरांचा रस, कुणीतरी दूरच्या गावाहून आणलेले बिननावाचे चूर्ण. आणणाऱ्यांची माया खोटी नव्हती. शिरेतून थेंबथेंब जाणाऱ्या औषधापुढे घरच्यांना करण्यासारखे काही नसते. काढा मात्र उकळता येतो, गाळता येतो, "एवढा घोट तरी घे" असा आग्रह करता येतो.

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांच्या मुळांतल्या, तोंडातल्या, आतड्यातल्या आणि रक्त तयार करणाऱ्या मज्जेतल्या पेशीही तशाच. म्हणून केस गळतात, तोंड येते, अन्नाची चव जाते. आत्या म्हणायची, "सगळे दुसरेच ठरवतात गं. निदान काढा तरी माझा!"

तिच्या त्या बोलण्याने मी वाचू लागले आणि चकित झाले. झाडपाला आणि केमो ही दोन निराळी जगे नव्हेतच! आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधे मिळाली. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर मधुमेहावरील गुणासाठी ती वनस्पती तपासत होते. तिच्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात असे दिसले आणि १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हाती आले. पॅक्लिटॅक्सेल हे औषध यू जातीच्या वृक्षाच्या सालीतले. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली.

झाडपाल्यात जोर आहे, हे तर खरेच. पण जोर आहे म्हणूनच जपायला हवे. अनेक औषधांची विल्हेवाट यकृत लावते. त्याच वाटेवर काढ्यातले द्रव्य आडवे आले, तर औषध रक्तात साठून राहते किंवा वेळेआधीच निघून जाते. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली उदासीनतेवरची वनस्पती. इरिनोटेकान या औषधासोबत ती दिली, तेव्हा औषधाचे रक्तातले प्रभावी रूप ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ साली एका छोट्या अभ्यासात दिसले. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली.

अखेर एके दिवशी आत्यानेच सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडल्या. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एकेक बाटली त्यांनी हातात घेऊन पाहिली. स्वयंपाकातले आले-हळद चालू द्या, म्हणाले. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा रस नको, उपचार संपेपर्यंत गुळवेल नको आणि बिननावाचे चूर्ण तर कधीच नको. मळमळीची गोळी त्यांनी बदलून दिली.

'आयुर्वेद की ॲलोपॅथी' हा विषय वादविवाद स्पर्धेत टाळ्या मिळवून देतो. आजाऱ्याच्या खाटेपाशी प्रश्न साधा असतो : हिच्या पोटात काय काय जाते, हे उपचार करणाऱ्याला ठाऊक आहे का? ओरडा बसेल म्हणून कितीतरी घरांत काढा लपवून दिला जातो. धोका काढ्याइतकाच त्या लपवण्यात आहे. आणि डॉक्टरांनी शांतपणे विचारले, तर ते लपवणे थांबते.